एशियाटिकचा संग्रह : पोथ्या, नाणी आणि जुन्या कागदांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या फोर्ट भागात, हॉर्निमन सर्कलसमोरच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढणारे रोज शेकड्यांनी असतात. त्या पायऱ्या चढून आत काय आहे हे विचारणारे त्या मानाने थोडे, पण जे विचारतात ते मनापासून विचारतात. आत असलेल्या एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईच्या वाचनालयात मी बरीच वर्षं येते-जाते. ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, पीएचडीला नुकतीच नावं नोंदवलेली मुलं, घरात जुनं दप्तर सापडलेले गृहस्थ असे अनेक जण तेच ते प्रश्न घेऊन येतात. त्यांना देत आले ती उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी संस्थेची पदाधिकारी नाही, साधी वाचक आहे. त्यामुळे वर्गणी, वेळा, नियम यांची चौकशी थेट संस्थेकडेच करावी.

संस्था नेमकी कधीची? कुणी २०० वर्षं म्हणतं, कुणी १९५४ सांगतं.

दोन्ही बरोबर आहे, कारण नाव बदलत गेलं. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी सर जेम्स मॅकिन्टॉश यांच्या परळच्या घरी ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. मॅकिन्टॉश हे तेव्हा मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे मुख्य न्यायाधीशच म्हणा ना. लंडनमध्ये १८२३ साली रॉयल एशियाटिक सोसायटी निघाली आणि १८२९-३०च्या सुमारास मुंबईची संस्था तिची शाखा झाली. ‘बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी’ हे लांबलचक नाव तेव्हापासूनचं. जुन्या ग्रंथांच्या तळटिपांत दिसणारी ‘बीबीआरएएस’ ही अक्षरं तीच. स्वातंत्र्यानंतर १९५४मध्ये ‘एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ झालं आणि २००२मध्ये ‘बॉम्बे’चं ‘मुंबई’ झालं.

कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी याहून जुनी. विल्यम जोन्स यांनी ती १७८४ साली काढली. या दोन वेगळ्या संस्था आहेत आणि त्यांचे संग्रहही वेगळे. चुकून कलकत्त्याचा क्रमांक घेऊन मुंबईत पोथी मागणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. संदर्भ उतरवून घेताना गावाचं नाव सोडू नका.

सुरुवातीला भारतीयांना प्रवेश नव्हता, हे खरं का?

खरं आहे. माणेकजी कर्सेटजी यांनी १८३३मध्ये सभासद होण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना नाकारण्यात आलं. १८४०मध्ये तेच पहिले भारतीय सभासद झाले. १८९२मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग अध्यक्ष झाले, पहिले भारतीय अध्यक्ष.

या दोन तारखांच्या मधली पन्नास वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. बाळशास्त्री जांभेकर संस्थेच्या जर्नलच्या सुरुवातीच्या वर्षांत ताम्रपटांवर लिहीत होते. डॉ. भाऊ दाजी लाड सकाळी रोगी तपासत आणि उरलेल्या वेळात शिलालेखांचे ठसे वाचत. त्यांनीच हाताशी धरलेले जुनागढचे भगवानलाल इंद्रजी नाणेघाटात जाऊन प्राचीन अंकचिन्हं उलगडत होते. संस्कृत पंडित रा. गो. भांडारकर लिहीत होते. साहेबांनी आपल्या हौसेसाठी थाटलेल्या सभेत या मंडळींनी स्वतःच्या बुद्धीवर जागा मिळवली आणि संग्रहाचं रूपच बदलून टाकलं. भाऊ दाजींच्या संग्रहातल्या पोथ्या पुढे इथेच आल्या.

संग्रहात आहे तरी काय काय?

लाखाच्या वर ग्रंथ. त्यांपैकी जवळजवळ १५ हजार दुर्मिळ म्हणून वेगळे काढलेले. संस्कृत, प्राकृत, फारसी वगैरे भाषांतली तीन हजारांच्या आसपास हस्तलिखितं. सुमारे १२ हजार नाणी, त्यात अकबराची सोन्याची मोहोर. तेराशेच्या घरात नकाशे. जुनी वृत्तपत्रं आणि नियतकालिकं. शिवाय सोपाऱ्याचे बौद्ध अवशेष, ज्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

नकाशे आणि प्रवासवर्णनं इतकी कशी, असं एकीनं विचारलं होतं. बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटी नावाची वेगळी संस्था होती. ती १८७३मध्ये एशियाटिकमध्ये विलीन झाली आणि आपलं सामान घेऊन आली. मोठ्या संग्रहात असे अनेक छोटे संग्रह मिसळलेले असतात. एखादी वस्तू कुठून आली हे कळलं की ती तिथे का आहे हेही कळतं.

सगळ्यात मौल्यवान वस्तू कोणती?

वर्तमानपत्रवाले दान्तेचं नाव घेतात. इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ची सहाशेच्या आसपास वर्षं जुनी, सोन्यारंगांनी सजवलेली हस्तलिखित प्रत एशियाटिककडे आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांनी ती संस्थेला दिली. मुसोलिनीनं ती दहा लाख पौंडांना मागितली आणि संस्थेनं दिली नाही, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण तिच्यामुळे लोक पोथीची किंमत पौंडांत विचारतात आणि बाकीचं विचारायचं विसरतात.

मला कुणी विचारलं तर मी सोपाऱ्याचा करंडक सांगते.

सोपाऱ्याचा करंडक म्हणजे काय?

पश्चिम रेल्वेवरचं नालासोपारा हे प्राचीन शूर्पारक, अपरान्ताचं, म्हणजे कोकणाचं मोठं बंदर. गावाजवळ एक टेकाड होतं. लोक त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२च्या एप्रिलमध्ये भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं. तो कोट नव्हताच, विटांचा स्तूप होता.

मधोमध विटांच्या चौकोनी खोलीत एक गोल दगडी पेटी निघाली. झाकण काढलं तेव्हा आत तांब्याचा करंडक (झाकणाची डबी) होता आणि त्याच्याभोवती कडं करून बसवलेल्या आठ छोट्या ब्राँझच्या मूर्ती. सात बुद्ध आणि आठवा, पुढे येणारा मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या पोटात सोन्याचा. सोन्याच्या डबीत काय होतं? मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे या श्रद्धेनं कुणीतरी त्या इतक्या आवरणांत जपल्या होत्या. सोन्याची शेकडो फुलं सोबत वाहिलेली होती आणि एक चांदीचं नाणं होतं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं.

आता इथे थांबून नीट बघा. नाणं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं आहे आणि फारसं झिजलेलंही नाही. मूर्ती मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या आहेत. एकाच पेटीत सहा-सातशे वर्षांच्या अंतराच्या वस्तू. म्हणजे स्तूप मध्ये कधीतरी उघडला गेला, कुणी भाविकांनी मूर्ती आत ठेवल्या आणि तो पुन्हा बंद केला. सोपाऱ्यात बौद्ध पूजा किती काळ जिवंत होती, याचा हा पुरावा.

हा पुरावा सोन्यात नाही. काय कुठे होतं, कशाच्या आत काय होतं, नाणं कोणत्या थरात मिळालं हे भगवानलालनी जागच्या जागी टिपून ठेवलं आणि संस्थेच्या जर्नलमध्ये छापलं, त्यात तो आहे. समजा, कुणी गुपचूप खणून मूर्ती एकाला आणि डबी दुसऱ्याला विकली असती. वस्तू याच राहिल्या असत्या, पण त्यांनी आपल्याला काहीही सांगितलं नसतं. संग्रहाबद्दल पुढे जे जे लिहिलं आहे ते सगळं मी याच एका गोष्टीच्या आधारानं लिहिलं आहे.

नाण्यांना एवढं महत्त्व का? नाणी तर कुठेही विकत मिळतात.

विकत मिळतात ती सुटी नाणी. इतिहासाला हवा असतो तो साठा, सापडला तसा.

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी इथे चांदीच्या १३,२५० नाण्यांचा साठा मिळाला. सगळी क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप राजा नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचा चैत्य आणि उज्जैनी चिन्ह! गौतमीपुत्रानं क्षहरातांचा नि:पात केला असं नाशिकच्या लेण्यातला लेख सांगतो. या साठ्यानं त्याला हजारो साक्षीदार मिळाले. साठ्याचं वर्णन रेव्हरंड स्कॉट यांनी एशियाटिकच्या जर्नलमध्ये केलं. यातली चार नाणी कुणी बाजारात मांडली असती तर ‘नहपानाचं नाणं, पुनर्मुद्रित’ एवढंच कळलं असतं. नऊ हजार विरुद्ध चार हजार हे प्रमाण कळलं नसतं.

१८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सरकारला कळवणं बंधनकारक आहे. कायदा आजही लागू आहे. मुंबई इलाख्यात सापडलेली नाणी पूर्वी तपासणीसाठी एशियाटिककडे येत आणि त्यांचे अहवाल छापले जात. शेत नांगरताना मडकं लागलं तर ते कळवायचं असतं, हे आपल्याकडे अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

पोथी किती जुनी आहे हे कसं ठरवतात?

सगळ्यात आधी शेवटचं पान बघायचं. मजकूर संपल्यावर लेखक, म्हणजे नक्कल करणारा, पुष्पिका लिहितो. त्यात शक किंवा संवत, महिना, तिथी, वार, गाव, राजा, कुणासाठी लिहिली हे असू शकतं. एशियाटिककडे महाभारतातल्या आरण्यकपर्वाची सचित्र पोथी आहे. ती १५१६ सालची, सिकंदर लोदीच्या राजवटीतली, हे ठामपणे सांगता येतं ते पुष्पिकेमुळे. मुघल चित्रशाळा सुरू होण्याआधी उत्तर हिंदुस्थानात चित्रं कशी काढत याचा नक्की तारखेचा नमुना म्हणून जगभरचे कला-इतिहासकार या पोथीचा हवाला देतात. पुष्पिकेचं पान हरवलं असतं तर ‘सोळावं शतक असावं’ एवढ्यावर भागवावं लागलं असतं.

पुष्पिका नसेल तर अक्षराचं वळण, शाई, कागद, पृष्ठमात्रा (अक्षराच्या डोक्यावर न देता आधी उभी रेघ काढून दिलेली मात्रा) आहेत की नाहीत, अशा खुणांवरून अंदाज बांधतात. अंदाजाला अंदाज म्हणण्याची शिस्त इथे फार लागते.

पहिल्यांदा हस्तलिखित समोर आलं तेव्हा मला पिवळे डाग दिसले आणि मी पान खराब झालंय असं समजले. शेजारी बसलेल्या एका वयस्कर अभ्यासकांनी हळूच सांगितलं, “अहो, तो डाग नाही, हरताळ आहे.” चुकलेलं अक्षर खोडायचं झालं तर त्यावर हरताळाचा पिवळा लेप द्यायचा, वाळला की त्यावर बरोबर अक्षर लिहायचं. आपण रोज ‘हरताळ फासला’ म्हणतो तो हा. नीट तिरपं धरून बघितलं की लेपाखालचं मूळ अक्षरही कधी कधी दिसतं आणि लिहिणाऱ्याचा हात कुठे अडखळला ते कळतं. त्या दिवसापासून मी पोथीतल्या चुका आधी वाचते.

मला जाऊन बघता येईल का?

वाचनालयात वाचता येतं. हस्तलिखितं, नाणी, करंडक यांसारख्या वस्तूंसाठी आधी रीतसर परवानगी लागते आणि काय, कशासाठी हवं ते लिहून द्यावं लागतं. प्रदर्शन भरतं तेव्हा काही वस्तू सगळ्यांना बघायला मिळतात. ती संधी सोडू नका.

एक सल्ला मात्र पोटतिडकीनं देते. ‘जुन्या पोथ्या बघायच्यात’ म्हणून जाऊ नका. आधी सूची वाचा. संस्कृत आणि प्राकृत हस्तलिखितांची ह. दा. वेलणकरांची वर्णनात्मक सूची १९२५ ते १९३०च्या दरम्यान निघाली. ग्रंथ, कर्ता, पानं, ओळी, आरंभ, शेवट, पुष्पिका असं सगळं तिच्यात आहे. एका माणसानं एकेक पोथी सोडून, वाचून, पुन्हा बांधून ते काम केलं. सूचीतल्या क्रमांकासह अर्ज केला की समोरच्या ग्रंथपालालाही कळतं की तुम्ही तयारीनं आलात, आणि मदत कितीतरी मनापासून मिळते.

आत गेल्यावर पेन खिशात, पेन्सिल हातात. हात धुऊन कोरडे करायचे. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही (ही सवय भल्याभल्यांना असते). पान वरच्या कोपऱ्यातून नाही, खालून तळहाताचा आधार देऊन उलटायचं. फ्लॅश नको. जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुष्कळदा हा श्लोक असतो, तो पाठच करावा:

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका, असं पुस्तक स्वतःच म्हणतं.

सूचीत शोधलं तर काहीच सापडत नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा स्पेलिंग. एकोणिसाव्या शतकातला साहेब ठाण्याला ‘टाना’, पुण्याला ‘पूना’, वसईला ‘बसीन’, भडोचला ‘ब्रोच’ लिहीत असे. एकाच माणसाचं नाव तीन लेखांत तीन तऱ्हांनी येतं. गावाचं आजचं नाव टाकून हात हलवत परत येऊ नका, चार जुनी रूपं करून बघा.

दुसरी अडचण सनांची. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. विक्रम संवतातून ५७ वजा करायचे, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ५६. दख्खनी फसली सनात ५९० मिळवायचे. मराठी कागदांतला सुहूर सन मात्र नवख्याला घाबरवतो, कारण तो अंकांत नसतो, अरबी शब्दांत असतो. ‘सीत सबैन मया व अलफ’ असं दिसलं तर सीत म्हणजे ६, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. झाले ११७६. त्यात ५९९ मिळवा, १७७५ आलं. सुहूर वर्ष मृगाला बदलतं, म्हणून कागद जानेवारी ते मेमधला असेल तर ६०० मिळवायचे. दोन-चार कागद वाचले की हात बसतो.

माझा विषय मराठ्यांचा इतिहास आहे. अस्सल मोडी कागद इथे मिळतील?

त्यासाठी आधी पुणं गाठा. पेशवे दफ्तर पुणे पुराभिलेखागारात आहे. १९१०मध्ये इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागदांचा प्रचंड साठा आहे. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. संस्कृत हस्तलिखितांसाठी १९१७ची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, जिच्याकडच्या ऋग्वेदाच्या हस्तलिखितांना २००७मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत स्थान मिळालं. एशियाटिक तुमच्या उपयोगी पडेल ती छापील बाजूसाठी: कंपनीच्या काळातली प्रवासवर्णनं, नकाशे, गॅझेटियर, जर्नलचे खंड.

सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेखही इथेच आहे का?

नाही. आठव्या प्रस्तराज्ञेचा (दगडावर कोरलेल्या राजाज्ञेचा) तो तुकडा भगवानलालनाच १८८२मध्ये मिळाला, पण तो आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. एका गावच्या, एकाच वर्षी, एकाच माणसाला मिळालेल्या वस्तू अशा दोन इमारतींत आहेत. चालत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. एकाच दिवशी दोन्ही ठिकाणी जाऊन या.

टाउन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि एशियाटिक एकच ना?

इमारत एक, संस्था दोन. १९५४च्या कायद्यानुसार देशातल्या प्रकाशकांनी प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. त्यांतलं एक हे मध्यवर्ती ग्रंथालय. पूर्वी ते एशियाटिक सांभाळत असे, १९९४पासून कारभार वेगळा आहे.

सगळं स्कॅन करून नेटवर टाकून का देत नाहीत?

टाकत आहेत. ‘ग्रंथसंजीवनी’ या नावानं एशियाटिकनं दुर्मिळ ग्रंथ आणि नियतकालिकं डिजिटल रूपात आणली आहेत. खेड्यात बसलेल्या मुलीला मुंबईत येऊन राहायचा खर्च न करता एकोणिसाव्या शतकातलं मराठी पुस्तक वाचता येतं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

पण स्कॅनिंग म्हणजे झेरॉक्स नव्हे. ठिसूळ पान सपाट करायला गेलं की घडीवर तुटतं. त्यामुळे आधी दुरुस्ती, मग फोटो. आणि फोटो काढला की काम संपत नाही. प्रत्येक फाइलला ग्रंथाचं नाव, कर्ता, साल, भाषा, मूळ प्रतीचा क्रमांक जोडावा लागतो. ते नसेल तर लाख पानांचा ढीग होतो, त्यातून काहीही काढता येत नाही. वेलणकरांनी सूचीसाठी केलं तेच काम आता संगणकावर करायचं असतं आणि त्याला तेवढंच शिकलेलं माणूस लागतं.

मूळ प्रत तरीही लागते. हरताळाखालचं अक्षर, कागदाचा पोत, शिवणीची भोकं फोटोत नीट उतरत नाहीत.

१६व्या शतकातली पोथी टिकते आणि माझ्या आजोबांचं पुस्तक भुगा होतं. असं का?

हा प्रश्न मला फार आवडतो. कारण कागदात आहे. जुना हातकागद चिंध्यांपासून, तागापासून करत. आपल्याकडे जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा त्यासाठी नावाजलेले. त्याचे तंतू लांब आणि चिवट असतात. वर खळ देऊन, गुळगुळीत दगडानं किंवा शिंपल्यानं घोटून तो लिहिण्याजोगा करत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. शाई फुटू नये म्हणून त्यात तुरटी आणि राळ घालत. त्यातून कागदात आम्ल तयार होतं आणि तो आतूनच जळत जातो. आधी कडा तपकिरी होतात, मग कोपरा दुमडला की तुटून हातात येतो. म्हणून १८८०चं पुस्तक बरेचदा १५८०च्या पोथीपेक्षा जास्त आजारी असतं.

त्यात मुंबईची हवा. चार महिने दमट, बुरशीला आमंत्रणच. कसर आणि वाळवी बारा महिने. पूर्वी पोथ्या दोन फळ्यांमध्ये ठेवून लाल कापडात घट्ट बांधत, आत वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला ठेवत. घट्ट बांधण्यामुळे दमट हवा आत शिरत नाही आणि पान वाकडं होत नाही. आज प्रयोगशाळेत आम्ल काढतात, फाटलेल्या जागी पातळ जपानी टिश्यू खळीनं चिकटवतात. ती खळ पाण्यानं सुटते. पुढच्या पिढीला आपली दुरुस्ती काढून याहून चांगली करता आली पाहिजे, हा या कामातला पहिला नियम आहे.

एका पुस्तकाला असे कित्येक दिवस लागतात. ‘ग्रंथ दत्तक योजना’ त्यासाठीच आहे: देणगी देऊन एखाद्या ग्रंथाच्या दुरुस्तीची जबाबदारी घ्यायची. लग्नाच्या वाढदिवसाला पुस्तक दत्तक घेतलेलं एक जोडपं मला माहीत आहे. दरवर्षी येऊन ते त्याला बघून जातात.

इथे बसून कोणी कोणी काम केलं?

महामहोपाध्याय पां. वा. काणे. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे खंड १९३० ते १९६२ एवढ्या काळात निघाले, १९६३मध्ये भारतरत्न मिळालं. वकिली करून उरलेल्या वेळात या ग्रंथालयाच्या आधारावर त्यांनी ते काम रेटलं. दुर्गाबाई भागवतांचं नाव तर या वाचनालयाशी जोडलेलंच आहे. कोणत्याही पदाची, नेमणुकीची वाट न बघता त्या वर्षानुवर्षं इथे येऊन वाचत राहिल्या.

आमच्या वाड्यात पोथ्या आणि मोडी कागद सापडलेत. काय करू?

पहिलं म्हणजे, आज काहीच करू नका. उन्हात टाकू नका, पुसू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. माझ्याच नात्यातल्या एका काकांनी १८व्या शतकातली सनद ‘सुरक्षित राहावी’ म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात लॅमिनेट करून घेतली. उष्णतेनं शाई पसरली आणि प्लास्टिक आता कागदासकटच निघेल. त्यांची माया खरी होती, म्हणून जास्त वाईट वाटतं.

रुमाल, म्हणजे कागद बांधलेलं कापड, सोडायच्या आधी फोटो काढा: कोनाडा, पेटी, गाठ, सगळं जसं आहे तसं. कागदांचा क्रम बदलू नका. ‘हा महत्त्वाचा, हा हिशेबाचा, हा टाकायचा’ अशी वाटणी करू नका. किराण्याच्या हिशेबाच्या पाठीवर पत्राचा मसुदा सापडतो, आणि तो किराणाही उद्या कुणाच्या तरी प्रबंधाचा विषय असतो. जुन्या धुतलेल्या सुती कापडात सैल न पडेल असं बांधून, जमिनीपासून उंच, भिंतीला न टेकता ठेवा.

संस्थेला द्यायचं ठरलं तर आधी पत्र लिहा, किती आहेत, कुठल्या लिपीत आहेत ते कळवा, दोन-चार फोटो जोडा. प्रत्येक संस्था प्रत्येक गोष्ट घेत नाही आणि नाही म्हटलं तर रागावू नका. वाईट तऱ्हेनं ठेवण्यापेक्षा न घेणं प्रामाणिकपणाचं असतं. द्यायचं नसेल तर निदान डिजिटल प्रत करू द्या. विकायचा मोह झाला तर १९७२चा पुरावशेष कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू, आणि ऐतिहासिक, वाङ्मयीन वगैरे मोल असलेली ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं त्यात येतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

आणि एक कागद मात्र तुम्हीच लिहायचा आहे. घराणं कोणतं, गाव कोणतं, पेटी कुठल्या खोलीत होती, आजी त्याबद्दल काय सांगायची. तारीख घालून, पेन्सिलीनं, वेगळ्या कागदावर, रुमालाच्या आत.

पहिल्याच दिवशी काय मागवू?

जर्नलचा पंधरावा खंड. त्यात भगवानलाल इंद्रजींचा सोपाऱ्यावरचा लेख आहे, आकृत्यांसकट. तो दुपारभर सावकाश वाचा. मग रविवारी चर्चगेटहून विरार लोकल पकडून नालासोपाऱ्याला उतरा आणि रिक्षावाल्याला ‘बौद्ध स्तूप’ सांगा. विटांचा उंचवटा अजून तिथे आहे. लेखातली मापं हातात घेऊन त्याला एक प्रदक्षिणा घाला. पेटी कुठे होती ते तुमचं तुम्हालाच सापडेल.